दोन प्रशिक्षित निरीक्षक

मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. निवृत्तीला आता फार वर्षं उरली नाहीत. माझ्या नावावर बरेच शोधनिबंध आहेत आणि त्यातला एकही मी एकट्याने लिहिलेला नाही. या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान वाटत होता. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं की सरांचा गोतावळा मोठा आहे, तर मी हसून मान डोलवायचो.

गोतावळा म्हणजे आम्ही पाच जण. नागपूरला एम.एस्सी. करताना वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर राहिलो, एकाच मेसमध्ये जेवलो आणि पुढे एकाच गाइडकडे पीएचडी केली. नंतर कोणी नागपूरलाच राहिला, कोणी अमरावतीला गेला, कोणी पुण्याला. मी वर्ध्याला आलो, नालवाडीत घर बांधलं. फोनवर आमचा ग्रुप होता, अजूनही आहे. सकाळी त्यावर नातवंडांचे फोटो येतात आणि दुपारी शोधनिबंधांचे मसुदे. कोणाच्या विद्यार्थ्याला परीक्षक हवा आहे, कुठल्या कॉलेजात जागा निघाली आहे, कोणत्या समितीवर कोण आहे, सगळं तिथेच कळायचं. आमची आडनावं मी सांगत नाही, पण ती एका ओळीत वाचली तर विदर्भातल्या कोणाच्याही लक्षात येईल की आमच्या घरांतले देव आणि सणांची जेवणं फारशी वेगळी नसणार. आमच्या मात्र ते कधी लक्षात आलं नाही. आम्हाला वाटायचं, आमचं जमतं म्हणून आम्ही एकत्र आहोत.

ती मला पहिल्यांदा भेटली आमच्याच कॉलेजातल्या एका चर्चासत्रात. जेवणाच्या रांगेत मी ताट घेऊन उभा होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, दोन मिनिट आहेत काय?"

तिशीतली बाई. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आर्वी तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे जितके तास घेतले तितकेच मोजले जाणार, सुट्टीत घरी. राहायची रोहण्याला. घरची शेती होती, कापूस आणि तूर. तिने सेट परीक्षा पास केली होती, पीएचडीला अजून नाव लागलं नव्हतं.

पिशवीतून तिने तीन लांबट वह्या काढल्या. तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या, हिशेबाच्या दुकानात मिळतात तशा. मी ताट बाजूला ठेवून एक उघडली.

गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायला शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या वासाची गोळी टांगलेली असते, नर पतंग त्या वासाने येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. ते मोजले की अळी कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. हे सगळेच करतात. पण हिच्या वहीत शेतातल्या सापळ्यांशेजारी आणखी एक रकाना होता. त्यावर लिहिलं होतं, 'घराजवळ'.

"घराजवळ सापळे? कशासाठी?" मी विचारलं.

"पऱ्हाटीपाशी, सर. कापूस निघाला का बाया पऱ्हाटी उपटून घरी आणतात ना, चुलीसाठी. त्याची गंजी लावून ठेवतात अंगणात. एक बाई मले म्हणे, उन्हाळ्यात दिव्यापाशी हे बारके पाखरं येतात थे कुठून येतात? वावरात तर काही नाई. मंग मी गंज्यांपाशी सापळे लावले."

"आणि?"

"पाहा ना तुम्ही."

मी पाहिलं. शेतात कपाशीचं बी पडायच्या आधीपासून गंज्यांजवळच्या सापळ्यांत पतंग होते. कपाशीच्या त्या वाळक्या झाडांवर उरलेल्या बोंडांत अळी उन्हाळाभर दडून राहत होती. कोणत्या गल्लीत किती, गंजी किती जुनी, तिचं तोंड कोणत्या दिशेला, झाकलेली की उघडी, सगळं आठवड्याआठवड्याने लिहिलेलं. एक आठवडा चुकला नव्हता. माझं जेवण राहून गेलं.

"हे कुठे छापलंय का?" मी विचारलं.

ती हसली. "कुठं छापू सर? मले कोणी ओळखतच नाई."

"मग आपण सोबत लिहू," मी म्हणालो. मी हे म्हणालो होतो. पुढे बऱ्याच वेळा मी स्वतःला समजावायचा प्रयत्न केला की तसं नेमकं म्हटलं नव्हतं, पण 'सोबत' हा शब्द माझाच.

वह्या मी ठेवून घेतल्या. झेरॉक्स काढून आठवड्यात परत पाठवतो असं सांगितलं.

ग्रुपवर मी त्या वह्यांचे फोटो टाकले तेव्हा सगळे जागे झाले. नागपूरच्या मित्राचा लगेच फोन आला. "काय बे, हे तर सोनं आहे. कुठून आणलं?" तो आमच्यात सर्वांत मोठ्या पदावर होता. त्याने आपल्या विद्यार्थ्याला आलेख काढायला बसवलं. पुण्याच्याने हवामानाची आकडेवारी जोडली. इंग्रजी मी लिहिलं. दोन महिन्यांत मसुदा तयार झाला. पहिल्या मसुद्यावर लेखकांच्या यादीत तिचं नाव मी चौथं टाकलं होतं.

"ही कोण?" नागपूरच्या मित्राने ग्रुपवर विचारलं.

"रोहण्याची. मोजणी तिची आहे."

"पीएचडी आहे?"

"नाही. तासिकेवर आहे."

"मग संस्था काय लिहायची? तिच्या कॉलेजची परवानगी लागेल. उद्या कोणी विचारलं तर लफडं. आभारात टाक ना."

त्याखाली एक अंगठा आला. मग दुसरा, तिसरा. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभा होतो. बायको पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि मी पण अंगठा टाकला.

इतकंच घडलं. कोणी ओरडलं नाही, कोणी तिचा अपमान केला नाही. ती त्या ग्रुपवर नव्हती, त्यामुळे तिच्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नव्हतं. मी होतो, पण मी त्यांचा होतो.

यानंतर एक संधी होती. निबंध परीक्षकांकडून परत आला, त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. सापळ्यांची जागा कशी निवडली, आणि नोंदी एकाच माणसाच्या आहेत की अनेकांच्या? आम्हा पाचांपैकी एकालाही उत्तर माहीत नव्हतं. मधल्या वहीत काही पानं वेगळ्या अक्षरात आहेत हे मी पाहिलं होतं, पण विचारायचं सुचलं नव्हतं. मी तिला फोन लावला.

"थे माह्या जावेचं अक्षर आहे सर," ती म्हणाली. "माह्या बाळंतपणात तिनंच मोजलं. तिले मी आधी शिकवलं. आठ दिवस आम्ही एकाच सापळ्याचे पतंग दोघींनी वेगवेगळे मोजले, मंग ताडून पाह्यलं. तिचे नि माहे आकडे सारखे आले तवा मी तिच्यावर सोडलं. नाईतर कसं भरोसा ठेवायचा?"

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने कोणत्या पुस्तकात वाचलंही नसावं. मी पीएचडीच्या मुलांना ही गोष्ट दोन तास फळ्यावर समजावून सांगतो आणि ती त्यांच्या कामात कधी दिसत नाही.

मी निबंधात इंग्रजीत लिहिलं: दोन प्रशिक्षित निरीक्षकांनी स्वतंत्रपणे मोजणी करून आकडे पडताळले. परीक्षकांचं समाधान झालं. फोनवर तिने शेवटी विचारलं होतं, "सर, छापून येईन ना?" मी म्हणालो, "येईल, नक्की येईल." नाव कुठे असेल ते मी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिला विचारायची गरजच वाटली नसेल.

निबंध छापून आला तेव्हा मी तिला तो फोनवर पाठवला. सोबत लिहिलं, 'तुमचे विशेष आभार मानले आहेत.' दिवसभर उत्तर आलं नाही. संध्याकाळी जोडलेल्या हातांचं एक चित्र आलं. ते पाहून मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर तिचे दोन निरोप आले, दोन्ही वह्यांबद्दल. 'सर, वह्या पाठवता काय?' मी दोन्ही वेळा 'हो, पाठवतो' असं लिहिलं.

दीड-दोन वर्षांनी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची पूर्णवेळ जागा निघाली. निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी नागपूरच्या मित्राचा फोन आला. त्याचा तोच विद्यार्थी, आलेख काढणारा, उमेदवार होता. "पोरगा चांगला आहे, बघ जरा," एवढंच म्हणाला. आमच्यात त्याहून जास्त बोलायची गरज नसते. उमेदवारांची यादी मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. सातवं नाव तिचं होतं.

ती आत आली, नमस्कार करून खुर्चीच्या टोकावर बसली. मला पाहून तिचा चेहरा थोडा सैल झाला. ओळखीचं माणूस दिसलं की होतो तसा. हे मला नीट आठवतं आणि तेच विसरायला आवडलं असतं.

प्रश्न झाले. तिने मराठीत उत्तरं दिली, मध्ये मध्ये इंग्रजी पारिभाषिक शब्द. चांगली दिली. मग बाहेरून आलेल्या दुसऱ्या तज्ज्ञांनी तिची फाइल उघडली. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांना काही माहीत नव्हतं.

"मॅडम, हा बोंडअळीचा निबंध तुम्ही जोडलाय. यात लेखकांत तुमचं नाव दिसत नाही."

"नाव नाही सर," ती म्हणाली. "पण मोजणी माझी आहे. चार हंगामांची. शेवटच्या पानावर आभारात आहे."

"आभारात तर प्रयोगशाळेचा पंखा दुरुस्त करणाऱ्याचंही असतं," ते म्हणाले. अध्यक्ष हसले. आणखी कोणीतरी हसलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, दुपारची वेळ होती, सगळे कंटाळले होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. निबंधाच्या पहिल्या पानावर, तज्ज्ञांच्या बोटाच्या थेट खाली, माझं नाव होतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं, की या बाई खरं सांगताहेत. चार शब्द. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो. तहान नव्हती. ग्लास खाली ठेवेपर्यंत पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

जागा त्या विद्यार्थ्याला मिळाली. त्याच्या प्रकाशनांच्या गुणांत तोच निबंध धरला गेला, त्यात त्याचं नाव तिसरं होतं. गुणपत्रकावर मी सही केली. त्या मुलाचा यात काही दोष नाही, त्याला सांगितलेलं काम त्याने नीट केलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, कशा झाल्या मुलाखती? मी म्हणालो, स्पर्धा फार आहे आजकाल.

मी हे सगळं तसंच ठेवून जगलो असतो. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात एक कार्यशाळा ठरली, संशोधनातलं सहकार्य आणि त्यातली विविधता असा विषय. प्राचार्यांनी बीजभाषण मला दिलं, कारण सहकार्य माझ्याइतकं कोणी केलेलं नव्हतं. संगणक विभागातल्या एका तरुण प्राध्यापिकेने त्यासाठी कॉलेजातल्या सगळ्यांच्या निबंधांचा नकाशा बनवला. प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर मध्ये रेघ. जितके निबंध जास्त तितकी रेघ जाड.

तिने लॅपटॉप माझ्यासमोर फिरवला. "सर, हे तुम्ही. सगळ्यात मोठा गोल तुमचा आहे."

मी खूश झालो. माझ्या गोलातून जाडजूड रेघा निघाल्या होत्या. पण त्या सगळ्या त्याच चार गोलांकडे जात होत्या आणि ते चार गोल एकमेकांना तसेच बांधलेले होते. बाहेर जाणारी रेघ जवळजवळ नव्हतीच. तिने शहरात राहणारे आणि खेड्यात राहणारे असे रंग दिले होते, शिक्षण कुठे झालं त्याप्रमाणे दुसरा नकाशा होता, पुरुष-बाई असा तिसरा. तिन्हींत आमचा घोळका एकाच रंगाचा होता.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग अगदी सहज, काहीही मनात न धरता म्हणाली, "एक कळत नाही सर. तुमचे अर्धे पेपर शेतातल्या नोंदींवर आहेत. पण या पाच जणांत गावात राहणारं कोणीच नाही. मग नोंदी कोण घेतं?"

"असतात लोक," मी म्हणालो.

"मग ते यात का नाहीत?"

मला मीटिंग आहे असं सांगून मी उठलो.

भाषण मी केलं. लाज वाटून मी ते टाळलं असतं तर निदान तेवढं बरं म्हणता आलं असतं. मी ते केलं आणि चांगलं केलं. निरनिराळ्या घरांतून, गावांतून आलेली माणसं सोबत बसली की वेगळे प्रश्न विचारले जातात, असं मी म्हणालो. उदाहरण म्हणून मी पऱ्हाटीच्या गंजीचं दिलं. गावातल्या बाईला दिव्यापाशी पाखरं दिसतात, ती शहरातल्या शास्त्रज्ञाला दिसणार नाहीत, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. ती बाई कोण, वही कोणाची, हे मी सांगितलं नाही. बोलता बोलता मला स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता आणि तो आवाज मला आवडत नव्हता, तरी थांबवता येत नव्हता.

सभागृहातून मी सरळ विभागात गेलो आणि लोखंडी कपाट उघडलं. तिसऱ्या खणात जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली तिन्ही वह्या होत्या. वरच्या वहीच्या कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग उमटला होता. कप माझाच असणार.

रविवारी मी गाडी काढली. पुलगाववरून आर्वीच्या रस्त्याने रोहण्याला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी चालू होती. गावात विचारलं तर लगेच घर दाखवलं. मी आधी फोन केला नव्हता. फोन केला असता तर ती नको म्हणाली असती आणि मी सुटलो असतो, म्हणून.

ती अंगणात होती. मला पाहून उभी राहिली. "सर, तुम्ही?"

"वह्या आणल्या," मी म्हणालो.

तिने खुर्ची टाकली. वह्या हातात घेऊन एक, दोन, तीन अशा पाहिल्या, मग वरच्या वहीवरचा डाग पदराने पुसून पाहिला. तो जाणारा नव्हता. दारातून एक थोराड बाई बाहेर आली, हात ओले होते.

"माही जाऊ," ती म्हणाली.

"हेच काय थे सर?" जावेने विचारलं. तिने होकार दिला. जाऊ आत चहा ठेवायला गेली.

मी तयारी करून गेलो होतो, गाडीत दोन-तीनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. प्रत्यक्षात एवढंच निघालं, "माझं चुकलं."

"काय चुकलं?" ती म्हणाली. आवाज वर गेला नाही. विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलं.

"तुमचं नाव राहून गेलं निबंधात."

"राहून गेलं असं नका म्हणू सर. राहून नाई गेलं थे."

"काढलं."

"कोणं काढलं?"

"आम्ही. म्हणजे, सगळ्यांचं मत पडलं की..."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"मी," मी म्हणालो. "आधी टाकलं होतं मी. मग मीच काढलं."

"असं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पेपर आला तवा मी वर्गातच होती. पोरींले दाखवायले म्हणून मोठा करून पाह्यला मोबाइलवर. सगळ्या मिळून नाव शोधून राह्यल्या होत्या. एक पोरगी म्हणे, मॅडम, दुसऱ्या पानावर असन. आम्ही शेवटपर्यंत गेलो."

तिने तिन्ही वह्या एकीवर एक नीट रचल्या.

"थे पण मी सोडून दिलं. पण मुलाखतीच्या दिवशी तुम्ही पाणी पिलं. मले जागा नसती भेटली तरी चाललं असतं सर, खरं सांगते. मी फक्त वाट पाहून राह्यली होती, का आता सर बोलतीन. तुम्ही ग्लास ठेवला तरी मले वाटे, आता बोलतीन. बाहेर आली तरी वाटे."

जाऊ चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "सर, हिनं मले थे वाचून दाखवलं होतं मराठीत. त्याच्यात लिवलं हाय म्हणे, दोन प्रशिक्षित निरीक्षक. मी हिले म्हनलं, थे कोण हायेत वं? हे म्हणे, आपणच."

आणि दोघी हसल्या. माझ्यावर नाही, त्या शब्दांवर. दोघींना तो शब्द खरोखर गमतीचा वाटत होता. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी चहा पीत राहिलो, तो फार गरम होता.

मग मी सांगितलं की नियतकालिकाला दुरुस्ती कळवता येते, सगळ्या लेखकांच्या सह्या घेऊन नाव वाढवता येतं, मी ते करीन.

"करा," ती म्हणाली. "मले त्याचा आता उपयोग नाई. कॉलेज मी सोडलं, पुलगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. पण करा. आणि हिचं?"

"त्यांचं नाव आपण आभारात टाकू," मी म्हणालो. अगदी पटकन, विचार न करता.

जाऊ रिकामी बशी उचलून आत गेली. काय बोलून बसलो ते मला तेव्हा ऐकू आलं. इतकं सगळं कबूल करून झाल्यावर, त्याच खुर्चीत, त्याच श्वासात.

ग्रुपवर मी लिहिलं की तिचं आणि तिच्या जावेचं, दोघींची नावं घालायची आहेत. दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही. मग नागपूरच्या मित्राचा फोन आला.

"यार, आता काऊन उकरून राह्यला तू हे? कोणी तक्रार केली काय?"

"नाही. कोणीच केली नाही."

"मग? माझ्या पोराची नोकरी आहे त्याच्यावर. प्रश्न निघाले तर?"

"त्याचं नाव तर राहणारच आहे."

पस्तीस वर्षांत आम्ही एकमेकांशी असं कधी बोललो नव्हतो. शेवटी म्हणाला, "तिचं टाक. जावेचं नको, हसतील लोक. आणि नजरचुकीने राहून गेलं असं लिही. नाहीतर मी सही करत नाही."

तिने रोहण्याला मला हेच सांगितलं होतं, की राहून गेलं म्हणू नका. मी मित्राला तसं सांगायला हवं होतं. त्याच्या सहीशिवाय दुरुस्ती झाली नसती हे खरं आहे, आणि मला भांडायचं नव्हतं हेही खरं आहे. मी लिहिलं, नजरचुकीने. जावेचं नाव आभारात गेलं.

अर्जात संस्थेचा रकाना होता. जुन्या कॉलेजशी तिचा संबंध उरला नव्हता आणि शाळेचं नाव द्यायला ती तयार नव्हती. मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "रोहणा लिहा." संपादकांचं पत्र आलं, ही कोणती संस्था? मी कळवलं की गाव आहे. त्यांनी ते मान्य केलं. काही महिन्यांनी दुरुस्ती छापून आली, अर्ध्या पानाची. ती मी तिला पाठवली. या वेळी तिच्याकडून काही आलं नाही, जोडलेले हातही नाहीत. 'नजरचुकीने' हा शब्द तिने वाचला असणार. मी त्याबद्दल खुलासा लिहायला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा पुसून टाकला.

ग्रुप मी सोडलेला नाही. नवीन मसुदा आला की मी विचारतो, मोजणी कोणाची, त्यांना विचारलं का? पुण्याचा मित्र हल्ली हसण्याचं चित्र टाकतो. एकदा माझ्या विचारण्याने एका प्रयोगशाळा सहायकाचं नाव आत आलं. दोनदा काहीच झालं नाही आणि मी पुढे रेटलं नाही.

गेल्या महिन्यात पुलगावच्या बसस्टँडवर ती दिसली. शाळेतल्या दुसऱ्या एक शिक्षिका सोबत होत्या, दोघींच्या हातात तपासायच्या वह्यांचे गठ्ठे. तिनेच मला हाक मारली. मैत्रिणीला म्हणाली, "हे वर्ध्याचे सर. आम्ही सोबत काम केलं होतं."

"नाही," मी म्हणालो. "काम यांनी आणि यांच्या जावेने केलं होतं. चार हंगाम. आम्ही पाच जणांनी ते लिहिलं आणि यांचं नाव मी काढून टाकलं. नंतर घातलं, पण तेव्हा उशीर झाला होता."

त्या शिक्षिका गोंधळल्या. कसनुसं हसल्या. ती मात्र माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात समाधान होतं असं मला म्हणता येणार नाही. तेवढ्यात आर्वीची बस लागली. "जाते सर," ती म्हणाली आणि दोघी दाराकडे गेल्या.

मी गाडीत येऊन बसलो. किती सोपं गेलं, हेच मला वाटत राहिलं. एका अनोळखी बाईसमोर, जिथे कोणाचंच काही जाणार नव्हतं, तिथे माझ्या तोंडून सगळं सरळ बाहेर पडलं. त्या मुलाखतीच्या खोलीत याच्या चौथ्या हिश्शाएवढंसुद्धा बोलायची गरज नव्हती.